दोनच्या आत तंबू: अमेरिकेच्या पश्चिमेत दोघांनी सहा आठवडे कसं फिरावं

प्रवासाच्या चौथ्या दिवशी रात्री साडेनऊ वाजता आम्ही आयडाहोतल्या एका जंगलात तंबू ठोकत होतो. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात जमीन अगदी सपाट दिसली. आडवं झाल्यावर कळलं की तिला चांगलाच उतार आहे आणि आमची डोकी उताराच्या बाजूला आहेत. नवरा म्हणाला, तंबू फिरवू. मी म्हटलं, आता राहू दे. जेवण झालंच नव्हतं. दोघंही एकमेकांकडे पाठ करून रात्रभर जागे. सकाळी चहा पोटात जाईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. कप खाली ठेवत तो म्हणाला, "आजपासून काहीही होवो, दोनच्या आत तंबू."

तो नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला, एवढी मोठी सफर नीट पार पडली ती त्याच्याच जोरावर. दुपारी दोनच्या आत पोचलं की जागा मिळते, जमीन दिवसाउजेडी बघता येते, उजेड असेपर्यंत स्वयंपाक आवरतो, अंधारात गाडी चालवावी लागत नाही, आणि भुकेल्या पोटी कुठलाही निर्णय घ्यावा लागत नाही. बाकी सगळी आखणी या एका वेळेभोवती करा. आमची गाडी नऊ वर्षं जुनी होती आणि तंबू साधा चार माणसांचा होता, म्हणजे दोघांना सामानासकट पुरणारा.

आधी उत्तर, मग दक्षिण

ऑगस्टअखेर निघणार असाल तर उत्तर आधी उरका. यलोस्टोन नॅशनल पार्कचा बराचसा भाग सात-आठ हजार फुटांवर आहे, ऑक्टोबरात तिथे बर्फ पडायला लागतो आणि एकेक कॅम्पग्राउंड बंद होत जातं. उलट दक्षिण युटात ऑगस्टमध्ये अंगाची लाही होते आणि सप्टेंबरअखेर तिथे सोन्यासारखी हवा असते. वसंतात निघायचं असेल तर हेच चित्र उलटं करा: एप्रिलमध्ये युटा-ॲरिझोना, जूनअखेर उत्तर. ग्लेशियर पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोड पूर्ण खुला व्हायला बहुतेक वर्षी जूनअखेर किंवा जुलै उजाडतो, त्यामुळे मे महिन्यात त्याच्या भरवशावर मार्ग आखू नका. आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली डेथ व्हॅली उन्हाळ्यात तंबूसाठी नाहीच. १९१३ साली तिथे १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ५७ सेल्सियस, तापमान नोंदलं गेलं आहे. तो मुक्काम हिवाळ्यासाठी ठेवा.

आमचा मार्ग असा होता: बे एरिया, ऑरेगनमधलं क्रेटर लेक, आयडाहोतले सॉटूथ डोंगर, टीटन, यलोस्टोन, मग खाली युटा आणि नेवाडातून घरी. ऑगस्ट-सप्टेंबरचा मोठा धोका म्हणजे वणव्यांचा धूर. क्रेटर लेक १,९४३ फूट खोल आहे, देशातलं सगळ्यात खोल तळं. त्याची निळाई बघायला आम्ही दोन रात्री ठेवल्या होत्या. पहिल्या सकाळी समोरचा काठसुद्धा दिसेना, डोळे चुरचुरायला लागले. दुपारपर्यंत वाट बघितली आणि पूर्वेकडे निघालो. रोज सकाळी एअरनाऊ या सरकारी संकेतस्थळावर धुराचा नकाशा बघा आणि एखादी जागा सोडून द्यायची मनाची तयारी ठेवा. यासाठीच सगळ्या रात्री आधी बुक करून ठेवू नयेत.

अंतराचं आमचं गणित: दिवसाला फार तर दोनशे मैल, एका जागी किमान दोन रात्री, यलोस्टोनला पाच. रोज तंबू उभारायचा आणि रोज मोडायचा हा क्रम चार दिवसांच्यावर माणसाला झेपत नाही.

कुठे आधी बुक करावं, कुठे नुसतं जाऊन थडकावं

टीटनमधली सगळी कॅम्पग्राउंड बुकिंगनंच मिळतात. यलोस्टोन आणि युटातल्या झायन पार्कमधलं वॉचमन कॅम्पग्राउंड हेही आधी घ्या. रिक्रिएशन डॉट गव्हवर बऱ्याच जागा सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनं सकाळी सातला खुल्या होतात. दोघांनी दोन फोनवर बसायचं, जागेचे नंबर आदल्या रात्रीच ठरवून ठेवायचे. नाही मिळाली तरी हिरमुसू नका. प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात लोक भराभर रद्द करतात. टीटनमधल्या आमच्या तीन रात्री अशाच, निघायच्या पाच दिवस आधी हाती लागल्या.

या मोठ्या तीन-चार जागा सोडल्या तर बाकीच्या रात्री मोकळ्या ठेवा. फॉरेस्ट सर्व्हिस आणि बीएलएम (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) यांची शेकडो छोटी कॅम्पग्राउंड 'आधी येईल त्याला' या तत्त्वावर चालतात. नळ, शॉवर नसतात, एक स्वच्छ खड्ड्याचं शौचालय आणि एक टेबल असतं. अशा जागी सकाळी दहा-अकराला पोचा, कारण तेव्हाच आदल्या रात्रीचे लोक निघत असतात. रविवार ते बुधवार सोपं जातं, शुक्रवार दुपारी मात्र आशा सोडा. दाराशी एक लोखंडी नळकांडं रोवलेलं असतं, त्याला आयर्न रेंजर म्हणतात. तिथलं पाकीट घ्यायचं, जागेचा आणि गाडीचा नंबर लिहायचा, पैसे आत घालून पाकीट नळकांड्यात टाकायचं आणि फाडलेली पावती आपल्या जागेच्या खांबाला लावायची. सुटे पैसे परत मिळायची सोय नसते. म्हणून एक, पाच आणि दहाच्या नोटांचं एक पाकीट गाडीत कायम ठेवा. या साध्या कॅम्पग्राउंडना आम्ही रात्रीचे साधारण वीस ते तीस डॉलर दिले.

त्याहून मोकळं हवं असेल तर बीएलएम आणि नॅशनल फॉरेस्टच्या जमिनीवर ठरलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेरही फुकट राहता येतं. बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांची मर्यादा असते. फॉरेस्टच्या कचेरीत 'मोटर व्हेइकल यूज मॅप' फुकट मिळतो. कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते आणि रस्त्यापासून किती आत तंबू लावता येतो, ते त्यात असतं. ॲपवरच्या लाल टिकल्यांपेक्षा हा काळापांढरा कागद जास्त भरवशाचा. कचेरीतल्या माणसाला एवढंच विचारा: "काल पाऊस झाला का, आणि त्या रस्त्यावर साधी गाडी जाईल का?" आधी कुणी मुक्काम केलेली, दगडांचं गोल चुलाण असलेली जागा शोधा, नवी करू नका. दक्षिण युटात जमिनीवर काळपट, खडबडीत साय दिसते. ती जिवंत असते, वाळू धरून ठेवते, आणि एका पावलानं मोडली तर सावरायला वर्षानुवर्षं लागतात. तिच्यावर पाय नको, तंबू तर नकोच.

पास एकच घ्या, अमेरिका द ब्यूटिफुल. इथे राहणाऱ्यांना तो वर्षाला ८० डॉलरला मिळतो आणि एका गाडीतल्या सगळ्यांना चालतो. भारतातून आई-बाबा येणार आहेत आणि पास त्यांच्या नावावर काढायचा आहे, असं असेल तर २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचा पास वेगळा आहे, २५० डॉलरचा. हे पास नावाहो या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या मालकीच्या जागी, म्हणजे मॉन्युमेंट व्हॅलीसारख्या ठिकाणी, चालत नाहीत. ती त्यांची भूमी आहे, तिथलं शुल्क आणि परवाने वेगळे असतात.

एस्कलांटेचा चिखल

हे जरा सविस्तर सांगते, कारण नेमकी इथेच चांगली चांगली माणसं अडकतात.

नैर्ऋत्येतला पावसाळा जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. त्यालाही मॉन्सूनच म्हणतात, पण आपला नव्हे. सकाळ लख्ख असते, दुपारी एकाएकी ढग येतात, वीस मिनिटं कोसळतात आणि जातात. पाऊस वीस मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्या पायाशी येतो. म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रात, वाळू कितीही मऊ आणि सपाट असली तरी, तंबू लावायचा नाही. अरुंद घळीत शिरण्याआधी रेंजरकडे पुराचा अंदाज विचारायचा.

दक्षिण युटातल्या एस्कलांटेजवळ आम्ही मातीच्या एका फाट्यावर दोन मैल आत राहिलो होतो. संध्याकाळी सर आली. सकाळी मी गाडीकडे चालत गेले तर दहा पावलांत एकेका बुटाला दोन-दोन किलो माती. आपल्याकडच्या काळ्या रानात भर पावसात चालल्यासारखं, फक्त ही माती राखाडी आणि साबणासारखी गुळगुळीत. त्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाण्यानं फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते, मग चार चाकांना जोर असून उपयोग नाही. नवरा निघायच्या घाईत होता. "अरे, थांब जरा, ऊन येऊ दे," म्हणून मी किल्ली खिशात घातली. आम्ही पोहे केले, पत्ते खेळलो. साडेदहाला रस्त्यावर पापुद्रे धरले, अकराला माती बोटानं दाबली तर खूण उमटेना, तेव्हा निघालो. वाटेत एक मोठा ट्रक पहाटेपासून खड्ड्यात कलंडून बसला होता. अशा रस्त्यावर एका दिवसाचं जादा पाणी आणि जेवण असलंच पाहिजे, आणि पाऊस पडला तर ऊन येईपर्यंत बसून राहायचं.

स्वयंपाक

दोन लिटरचा कुकर न्या. जागा खातो म्हणून मी तो घरी ठेवणार होते, नवऱ्यानं आग्रहानं घेतला. युटातल्या ब्राइस कॅन्यनचं कॅम्पग्राउंड आठ हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे पाणी ९२ सेल्सियसलाच उकळतं, त्यापुढे कितीही जाळ केला तरी तापत नाही. उघड्या पातेल्यात तूरडाळ दीड तासानंतरही दातांखाली कचकचत होती. दुसऱ्या दिवशी कुकर काढला. मुगाची डाळ आणि तांदूळ तासभर भिजवले, खाली तुपात जिरं, हिंग, हळद, वर पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त. घरी तीन शिट्ट्या करते, तिथे पाच केल्या. पहिली शिट्टी झाली तेव्हा पाइनच्या झाडांतल्या त्या शांततेत ती इतकी मोठी वाटली की शेजारच्या जागेवरचे आजोबा सगळं ठीक आहे ना बघायला आले. झाकण पडल्यावर वाफेबरोबर हिंगाचा वास त्यांच्यापर्यंत गेला. ते आमच्या टेबलावर बसून खिचडी जेवले आणि जाताना कुकरचं नाव लिहून घेऊन गेले. कुकरची एक जादा रिंग आणि शिट्टी डब्यात टाका, त्या वाटेवरच्या गावांत मिळणार नाहीत.

शेगडी दोन बर्नरची, प्रोपेनच्या हिरव्या नळकांड्यावर चालणारी घ्या. घरी टेबलावर वापरतो ती ब्यूटेनची चपटी शेगडी थंडीत दगा देते, कारण शून्याच्या आसपास ब्यूटेनची वाफच होत नाही. आम्ही दिवसातून दोनदा शिजवत होतो, एक पौंडाचं नळकांडं तीन दिवस पुरायचं. वणव्याचे निर्बंध लागले की लाकडं आणि कोळसा बंद होतो, पण बटणानं विझवता येणारी गॅसची शेगडी बहुतेक ठिकाणी चालते. कॅलिफोर्नियात ठरलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर शेगडी पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं. ते ऑनलाइन फुकट मिळतं. जळण कधीही सोबत वाहून नेऊ नका, लाकडातून झाडांची कीड एका जंगलातून दुसऱ्यात जाते.

पोहे हा या प्रवासाचा राजा. त्याला उकळी लागत नाही, उंचीचा फरक पडत नाही. वारा इतका की शेगडी पेटत नाही, अशा दिवशी दडपे पोहे करा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, गोडा मसाला आणि लसणीची चटणी घरून न्या. कांदा, बटाटा, दही आणि कोथिंबीर छोट्या गावातही मिळते, मिरची म्हणून सेरानो घ्या. कूलरमध्ये खड्याच्या बर्फाऐवजी अखंड लादी ठेवा, ती दुपटीनं टिकते. पाण्याचे पाच गॅलनचे दोन कॅन पुरतात. भांड्यांसकट आम्हा दोघांना दिवसाला तीन गॅलन लागायचं. एकच मोठा कॅन घेऊ नका, भरलेला पाच गॅलनचाच एकोणीस किलोचा होतो. प्रत्येक व्हिजिटर सेंटरला थांबलात की भरून घ्या, कॅन अर्धाच रिकामा असला तरी.

अस्वलं, आणि इतर यजमान

अस्वलाच्या मुलखात 'वास येणारं ते सगळं' अन्न समजायचं: तूप, मसाले, टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलम, न धुतलेला कुकर. तंबूत यातलं काहीही नको. जागेनुसार नियम मात्र बदलतो. यलोस्टोनमध्ये हे सामान बंद गाडीत ठेवलेलं चालतं. योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीतही चालत नाही, लोखंडी पेटीतच ठेवावं लागतं, कारण तिथली अस्वलं गाडीचं दार वाकवून उघडतात. पोचलात की फलक वाचा. यलोस्टोन-टीटनला बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखट फवारा) पिशवीत नको, कमरेला हवा. अस्वल आणि लांडग्यापासून शंभर यार्ड, बायसन (अमेरिकन गवा) आणि एल्क (मोठं हरीण) यांच्यापासून पंचवीस यार्ड लांब राहायचं. सप्टेंबर हा एल्कचा माजाचा महिना. पहाटे चारला तंबूजवळ नर ओरडला तेव्हा दाराला लागलेल्या बिजागरीचा चिरका सूर आणि शेवटी खोल हुंकार असा तो आवाज होता. आम्ही उठून बसलो आणि अर्धा तास हात धरून ऐकत राहिलो. अशा वेळी बाहेर पडायचं नाही.

शौचालय नसेल तिथे पाण्यापासून आणि वाटेपासून दोनशे फूट लांब, खुरप्यानं सहा ते आठ इंच खड्डा करा. कागद झिपच्या पिशवीत घालून परत आणा. वाळवंटातल्या घळीत तर सगळंच पिशवीत घेऊन यावं लागतं.

रात्रीची थंडी

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट. दुकानात मोठ्या अक्षरात बहुतेक लिमिट लिहिलेला असतो. तुम्ही कम्फर्टचा आकडा बघा. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, म्हणून पैसे खालच्या गादीवर खर्च करा, आर-व्हॅल्यू (गादी थंडी किती अडवते तो आकडा) चारच्या वर. सप्टेंबरअखेर ब्राइसला सकाळी पाण्याच्या कॅनवर बर्फाची साय होती. झोपताना घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोजा चढवून पायाशी ठेवा. पहाटेपर्यंत ऊब राहते, आणि सकाळच्या चहाला तेच कोमट पाणी कामी येतं.

गाडी आणि घड्याळ

टाकी अर्धी झाली की भरा. नेवाडातला हायवे ५०, ज्याला १९८६ साली लाइफ मासिकानं अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं, तिथे ईलीपासून युरेका ७७ मैल, युरेकापासून ऑस्टिन ७०, आणि ऑस्टिनपासून फॅलन ११० मैलांवर. मध्ये फारसं काही नाही. डोंगराळ राज्यांत पंपावरचं सगळ्यात स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं. गाडीच्या पुस्तकात ८७ लिहिलं असेल तर वरचं बटण दाबा. 'ओपन रेंज'ची पाटी दिसली की गायी रस्त्यावर असणार, कुंपण नसतं. तिन्हीसांजेला हरणंही असतात. नकाशे घरून निघायच्या आधी फोनवर उतरवून घ्या.

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो नेशन करतं, आणि फोन कुठल्या टॉवरला चिकटेल त्याप्रमाणे तास बदलतो. ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. तिकीट काढताना 'ही वेळ कुठल्या घड्याळाची' हे विचारा आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा.

दोघांचं

कामं वाटून घ्या आणि दुसऱ्याच्या कामात तोंड घालू नका. तंबू माझा, शेगडी त्याची, भांडी आळीपाळीनं. तंबू दोनला उभा राहिला की चारपर्यंत कुणी कुणाशी बोललंच पाहिजे असं नाही. तो झोपायचा, मी पुस्तक घेऊन एकटी झाडाखाली बसायची. चोवीस तास एकत्र असताना हे दोन तास फार मोलाचे असतात, ते मागून घ्या. दर सहाव्या रात्री मोटेल: गरम पाणी, कपडे धुणं, मुलांना आणि सांगलीला फोन. लॉन्ड्रीसाठी क्वार्टरचा, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यांचा, एक रोल ठेवा. आणि एखादी जागा एकाला आवडली, दुसऱ्याला नाही, तर ज्याला आवडली त्याचं ऐका. युटातल्या कॅपिटल रीफ पार्कला मला थांबायचं नव्हतं. तिथे फ्रूटाच्या कॅम्पग्राउंडला लागून जुन्या वस्तीच्या फळबागा आहेत. हंगामात बागेत उभं राहून हवं तेवढं खा, फुकट, बाहेर न्यायचं तेवढ्याचेच पैसे. सफरचंदांचे दिवस होते. एका रात्रीच्या चार रात्री झाल्या.

शेवटचा मुक्काम नेवाडातल्या ग्रेट बेसिन पार्कला केला. तिथला अंधार इतका गडद की आकाशगंगेचा पट्टा उघड्या डोळ्यांना ढगासारखा दिसतो. पहाटे दव पडलं आणि तंबू ओलाच गुंडाळावा लागला. तसं झालं तर घरी पोचल्या पोचल्या, अंघोळीच्याही आधी, तो उघडून सावलीत दोन दिवस पसरा, शिवणी बोटांनी चाचपून बघा, खुंट्यांची माती धुवा, आणि मगच सैलसर घडी घालून कपाटात ठेवा.